सहांपैकी एक डायोड

बजाजनगर,
छत्रपती संभाजीनगर
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,

हार पोचला. सिल्लोडची बस स्टँडला लागल्याबरोबर सांडू कंडक्टरांचा फोन आला, "ताई, तुमच्या आत्यानं फुलं पाठवलीत का गोधडी? एक सीट अडवलीय." खरंच, एवढा जाड हार मी लग्नातसुद्धा पाहिला नाही. यंदाच्या पावसात सगळ्यांचे झेंडू सडले, तुझ्या परसातले बरे वाचले!

दसऱ्याची पूजा छान झाली. तू शेड पाहिलेली नाहीस म्हणून सांगते. वाळूजला एक लहानशी भाड्याची शेड आहे. पितळी नळाच्या तोट्या येतात, त्यांना आम्ही आधी निकेल आणि वरून क्रोम चढवतो, म्हणजे त्या आरशासारख्या चमकतात. माणसं चारच. रूपा तोट्या हुकांना अडकवते, दोघं पॉलिश करतात आणि टाकीवर धोंडिबामामा असतात. ते आधी एका मोठ्या प्लेटिंगवाल्याकडे होते, तो धंदा बंद पडला आणि मला सोन्यासारखा माणूस मिळाला. माझी रसायनशास्त्राची एमएस्सी आणि त्यांचा हात, यावर आमचं चाललं आहे.

तुझा हार मी रेक्टिफायरला, म्हणजे टाकीला वीज पुरवणाऱ्या डब्याला, घातला. शेडमधली सगळ्यात महागडी वस्तू तीच. सेकंडहँड घेतली तरी माझी सगळी शिल्लक तिच्यात गेली. आदल्या दिवशी ब्लोअर मारून तिचा पंखा, जाळी, सगळं लख्ख केलं होतं. हार समोरच्या जाळीवर असा चपखल बसला की सगळे म्हणाले, देवीच दिसतेय. तू सांगितलंस तसं नरक चतुर्दशीपर्यंत उतरवणार नाही. आपल्या घरची पद्धत मी मोडत नाही, बाबा मोडतात.

आता एक विचारते, हसू नकोस. हा डबा नक्की करतो काय? मी बटण दाबते, मूठ फिरवते, काटा वर जातो आणि क्रोम चढतं. टाकीतलं सगळं मला कळतं, डब्यातलं काही कळत नाही. फोनवर विचारलं तर तू "हं, हं" म्हणत राहतेस आणि तुला ऐकू आलेलं नाही हे मला कळतं. म्हणून कागदावर विचारते.

तुझी
स्वरदा

*

सिल्लोड
१० ऑक्टोबर २०२५

स्वरदे,

मी "हं" म्हणते तेव्हा मला ऐकू आलेलं नसतं हे खरं, पण निम्म्या वेळा ऐकण्यासारखंही काही नसतं. पत्र लिहीत जा. पत्रात तू निदान वाक्य पुरं करतेस.

जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि भावाच्या मुलीला रेक्टिफायर माहीत नाही! तुझ्या बाबांना सांगणार आहे.

तारेतून येणारी वीज एका दिशेनं वाहत नाही. ती पुढे जाते, मागे येते, सेकंदाला पन्नास वेळा. बल्बला आणि मिक्सरला त्याचं काही वाटत नाही. पण तुझ्या टाकीत अशी वीज सोडली तर ती तोटीवर क्रोम बसवेल आणि लगेच उलटं फिरून सगळं बिघडवेल. तुला वीज एकाच दिशेनं हवी, म्हणजे डीसी. ते काम डायोड करतो. सायकलच्या ट्यूबचा वाल आठव. पंप मारला की हवा आत जाते, पण बाहेर येत नाही. डायोड विजेच्या बाबतीत तेच करतो. एका बाजूनं आलेल्या विजेला वाट देतो, दुसरीकडून आलेलीला अडवतो. सिलिकॉनची चकती असते, आत हलणारं काही नाही, तरी हे दार सेकंदाला पन्नास वेळा उघडतं आणि मिटतं.

एकच डायोड लावला तर मागे येणारी वीज नुसती अडते, म्हणजे अर्धी वाया. म्हणून चार डायोड चौकोनात जोडतात. मग वीज कुठूनही आली तरी बाहेर पडताना एकाच वाटेनं पडते. कारखान्यात तीन फेजची लाइन असते, तिथं सहा लागतात. फेज एकामागून एक येतात, एकीचा जोर ओसरायच्या आत दुसरी भरून काढते आणि जवळजवळ सपाट धार मिळते. तुझ्या डब्यात आधी ट्रान्सफॉर्मर आहे, तो व्होल्टेज उतरवतो. मग सहा डायोड. ते फार तापतात, म्हणून ॲल्युमिनियमच्या पात्यांवर बसवलेले असतात आणि पंखा त्यांच्यावर वारा घालतो.

तू समजतेस तेवढी ही वस्तू परकी नाही. तुझ्या मोबाइलच्या चार्जरमध्ये हेच आहे, बोटाच्या पेरात मावेल एवढं. इन्व्हर्टरची बॅटरी, मोटरसायकलची बॅटरी, ई-रिक्षाचं चार्जिंग, बरीच वेल्डिंग मशिनं, रेल्वेची इंजिनं, सगळीकडे हा एकदिशा वाल बसलेला आहे. वीज साठवायची असेल किंवा विजेनं धातू चढवायचा असेल तर याच्याशिवाय होत नाही.

हार उतरवलास की कळव. आणि धोंडिबामामांना माझा नमस्कार सांग. हात असलेली माणसं आता मिळत नाहीत.

आत्या

*

बजाजनगर
१७ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,

तुझा वाल समजला, पण आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाही.

दसऱ्यानंतर आठवडाही झाला नसेल, तोट्या पांढरट यायला लागल्या. चमक कमी, वर दूध सांडल्यासारखा पडदा. आधी चार-दोन, मग अख्खे हुकच्या हुक. गिऱ्हाइकानं पूर्ण माल परत पाठवला आणि पुढचा लॉट असाच आला तर दुसरीकडे बघू म्हणाला. तो गेला तर शेड बंदच म्हणायची.

मी टाकी तपासली. क्रोमिक ॲसिड ठीक, सल्फेट किंचित जास्त, तापमान बरोबर. फार काही नाही, पण काहीतरी आहेच ना? डब्याचंही बघितलं. ॲम्पिअरचा काटा नेहमीच्याच आकड्यावर उभा. मूठ पूर्वीपेक्षा थोडी जास्त फिरवावी लागते इतकंच. मग राहिलं कोण? टाकीवर एकच माणूस असतो.

धोंडिबामामा म्हणाले, "ताई, म्या नेहमीवानीच करतो." मी म्हटलं, नेहमीसारखं केलं असतं तर नेहमीसारखं आलं असतं. जरा जोरात म्हटलं. रूपा आणि पॉलिशवाले बघत होते. मी तोटी त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, "हे तुम्हाला दिसत नाही का?" त्यांनी ती उजेडात धरून खूप वेळ पाहिली आणि काहीच बोलले नाहीत. गप्प राहिले म्हणजे कबूलच की. मी सांगितलं, दिवाळीनंतर काही दिवस घरीच थांबा, मी बघते.

मला वाईट वाटलं, पण धंद्यात कठोर व्हावं लागतं असं बाबाही म्हणतात. तुझ्या फराळाच्या डब्यातली शेव मी एकटीनंच संपवली, तीही रागानं.

तुझी
स्वरदा

*

सिल्लोड
२२ ऑक्टोबर, पाडवा

स्वरदे,

सणाच्या दिवशी रागवायचं नाही असं ठरवलं होतं. ठरवलेलं सगळं होतंच असं नाही.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे आणि तू त्यावरून उडी मारून पुढे गेलीस. "मूठ पूर्वीपेक्षा थोडी जास्त फिरवावी लागते." का फिरवावी लागते? मूठ तीच, टाकी तीच, तोट्या त्याच. मग पूर्वीइतकाच करंट मिळायला जास्त जोर का लावावा लागतो? तू रसायनवाली, म्हणून तुला दोष टाकीत दिसला. टाकीत सापडला नाही तेव्हा टाकीशी उभ्या असलेल्या माणसात दिसला. काट्यापलीकडे, डब्याच्या आत बघायचं तुझ्या मनातच आलं नाही, कारण डबा तुला येत नाही.

आता नीट वाच. सहांपैकी एक डायोड गेला तरी डबा बंद पडत नाही. उरलेले पाच काम करतच राहतात. पण त्या एकाच्या पाळीला भरून काढणारं कुणी नसतं आणि दर फेरीत करंट क्षणभर पार शून्यावर येतो. काटा तुला हे सांगणार नाही. तो सरासरी दाखवतो. मधला खड्डा भरायला तू मूठ फिरवलीस, सरासरी जागेवर आली, काटा सुखी. निकेल असले खड्डे बरेच खपवून घेतं. क्रोम फार मानी असतं. मध्ये करंट तुटला की ते पुन्हा चमकदार बसत नाही, पांढरं पडतं.

चांगला इलेक्ट्रिशियन बोलाव. स्वतः हात घालू नकोस. त्याला म्हणावं, डबा चालू असताना बाहेरच्या दोन पट्ट्यांवर मीटर एसीवर लावून बघ. तिथं एसी, म्हणजे मागेपुढे होणारी वीज, जवळजवळ नसायला हवा. भरपूर दिसला तर मेन बंद कर, एकेक डायोड सोडव आणि दोन्ही बाजूंनी तपास. चांगला डायोड एकीकडून मीटरला वाट देतो, दुसरीकडून देत नाही. मेलेला दोन्हीकडून देतो किंवा कुठूनच देत नाही.

आणि गप्प राहिला म्हणजे कबूल, हे तुला कुणी शिकवलं? माझ्या वर्गात गप्प बसणारी निम्मी मुलं बरोबर उत्तरवाली असायची. धोंडिबांना दिवाळीचा फराळ तरी दिलास का?

आत्या

*

बजाजनगर
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

तू म्हणालीस तेच निघालं. शिवराज नावाचा इलेक्ट्रिशियन आला, हुशार आहे. बाहेरच्या पट्ट्यांवर मीटर लावला आणि म्हणाला, "मॅडम, हा डीसी नाय, ही खिचडी हाय." डबा उघडून एकेक डायोड तपासला. पाच चांगले, सहाव्याला मीटर दोन्ही बाजूंनी वाजला. जळून आरपार झाला होता आणि त्या एकट्याचा फ्यूज उडाला होता, म्हणून ती वाट बंद. त्यानं नवीन डायोड आणि फ्यूज बसवला, पाती साफ केली. मूठ जुन्या खुणेवर आली. पहिलाच हुक टाकीतून वर काढला आणि तोट्यांत आमच्या सगळ्यांची तोंडं दिसली. रूपानं टाळ्या वाजवल्या. गिऱ्हाइकाला माल पाठवला, तो खूष आहे.

डायोड का जळला म्हणशील, तर धूळ. पंख्याच्या जाळीत धूळ बसली होती, वारा जात नव्हता. आता दर रविवारी साफ करणार.

टाकीवर सध्या मीच उभी राहते. धोंडिबामामांना बोलवावं असं मनात येतं, पण कुठल्या तोंडानं बोलवू? दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. कुणीतरी म्हणालं ते गोडाऊनवर वॉचमनचं काम बघताहेत. तसं झालं तर त्यांनाही बरंच पडेल, टाकीच्या वाफा तरी नाहीत. दुसरा माणूस शोधते आहे.

तुझ्यामुळे शेड वाचली, आत्या. खरंच.

तुझी
स्वरदा

*

सिल्लोड
७ नोव्हेंबर २०२५

स्वरदा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा आनंदानं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू ब्लोअर मारून पंखा आणि जाळी लख्ख केली होतीस. हे तूच कळवलंस. लख्ख जाळीत आठवड्याभरात डायोड जाळण्याइतकी धूळ वाळूजमध्येसुद्धा बसत नाही. हार उतरवलास की कळव असंही मी लिहिलं होतं. शेवेबद्दल कळवलंस, रूपाच्या टाळ्यांबद्दल कळवलंस, हाराबद्दल अक्षर नाही.

तो माझा हार होता. वारा आत घ्यायच्या जाळीवर तू तो घातलास, मी उतरवू नकोस म्हटलं, म्हणून ठेवलास. फुलं सुकली, पाकळ्या आत ओढल्या गेल्या आणि पात्यांमध्ये बसल्या. शिवराजनं साफ केली ती धूळ नव्हती. पंखा वारा घालतो हे मी तुला स्वतः लिहिलं, आणि तेव्हा हार त्याच पंख्यासमोर होता, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्याची लाज मला वाटायची तेवढी वाटली. तू त्यात पडू नकोस.

तू मला वाईट वाटू नये म्हणून लपवलंस. तेही समजलं, आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर बरंही वाटलं. मग मनात आलं, या मुलीला माणसाची लाज राखता येते. माझं नाव तिनं माझ्यापासूनसुद्धा लपवलं. त्या माणसाचं नाव मात्र चारचौघांत घेतलं, आणि तेही चूक त्याची नसताना. मी तुझी आत्या आहे, तो टाकीवरचा माणूस आहे, एवढाच फरक ना?

वॉचमन झाले तर त्यांना बरंच पडेल, असलं वाक्य पुन्हा मला लिहू नकोस. ते तू त्यांच्यासाठी लिहिलेलं नाहीस.

आधी ज्यांच्यासमोर बोललीस त्यांना सांग. मग धोंडिबांच्या घरी जा. धूळ म्हणून सांगू नकोस. सिल्लोडच्या आत्याचा हार होता, असंच सांग. ते परत येवोत न येवोत, तो त्यांचा प्रश्न.

मी रागावलेली नाही. रागावले असते तर चार ओळींत आटोपलं असतं.

आत्या

*

बजाजनगर
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

धोंडिबामामा उद्यापासून येताहेत. हे आधी सांगते, कारण पुढचं लिहिताना माझा हात जड होणार आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये चहाच्या वेळी सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं. हार, जाळी, पाकळ्या, डायोड, सगळं. रूपा म्हणाली, "मग मामांना का घालवलं?" मी म्हटलं, माझी चूक झाली. तिनं मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. तेही बरोबरच होतं.

काल वाळूजजवळच्या रांजणगावात मामांच्या खोलीवर गेले. ते बाहेर कट्ट्यावर बसले होते. मला बघून उठले, स्वतःची जागा झटकून मला दिली आणि "बसा ताई" म्हणाले. बाजूला चष्म्याची नवी डबी होती. मी विचारलं तर म्हणाले, "डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणतो थोडा नंबर हाय, बाकी ठीक हाय. पण डॉक्टरला काय कळतंय तोटीतलं."

मी सांगायला सुरुवात केली. तुझा सायकलचा वालच सांगितला. सहा वाल असतात, एक जळाला, त्यामुळे करंट तुटत होता आणि काटा ते दाखवत नव्हता. तो का जळाला तेही सांगितलं. तुझं नाव घेतलं. ते खाली बघत ऐकत होते. मध्येच म्हणाले, "म्हंजी तोटी पांढरी पडत व्हती, ती त्याच्यामुळं?"

"हो मामा. फक्त त्याच्यामुळे."

"नजरेचं नाय?"

"नाही."

"आन हाताचं?"

"हाताचंही नाही. तुम्ही नेहमीसारखंच करत होता. मीच चुकले."

त्यांनी चष्म्याची डबी उचलून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही बोलला तवा राग नाय आला, ताई. दुसरं कुणी म्हणलं असतं तर भांडलो असतो. पण तुम्ही कागदावर आकडे काढून बोलता. म्या म्हणलं, एवढी शिकलेली पोरगी, खोटं कशाला बोलंल? मंग आपलंच कायतरी गेलं असंल. तवापासनं रोज सकाळी चहाचा कप धरतो आन हात हलतोय का बगतो. कवा कवा वाटायचं, हलतोय."

आत्या, मला वाटलं होतं ते माझ्यावर चिडलेले असतील. चिडलेल्या माणसाची मनधरणी कशी करायची याची वाक्यं मी रिक्षात बसून तयार केली होती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी तिथंच रडले. ते गडबडून गेले, "अवो ताई, लोकं बगतेत, नका ना," म्हणून पाणी आणायला उठले.

परत या म्हटलं. गोडाऊनवाल्याला हो म्हटलंय, त्याला विचारतो म्हणाले. मी म्हटलं, त्याच्याशी मी बोलते. ते म्हणाले, नको, माझं मी बोलतो. आज त्यांचा निरोप आला, उद्या येतो म्हणून.

पण काल मी निघाले तेव्हा ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, एक काम करा. हे आत येऊन हिला सांगा. म्या हिला सांगून बसलोय, माझं आता संपलं म्हणून. माझ्या तोंडून तिला खरं वाटायचं नाय."

मामी, म्हणजे सत्यभामाबाई, गॅसपाशी भाकरी करत होत्या. मी दारातच चपला काढल्या, आत जाऊन खाली बसले आणि सगळं सांगितलं. तवा तापत राहिला, त्यांनी पुढची भाकरी टाकली नाही. माझं झाल्यावर त्यांनी गॅस बंद केला, पिठाचे हात पदराला पुसले आणि नवऱ्याला हाक मारली, "अवो, इकडं या. हितं बसा." ते येऊन त्यांच्याशेजारी बसले. मग त्या मला म्हणाल्या, "आता पुन्यांदा सांगा ताई. सावकाश."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

तुझी
स्वरदा